नेपाळात मिशनसेवेला जाताना

महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांतून नेपाळला सेवेसाठी जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांनी आधी हे मनात पक्के करावे, की भारतीय नागरिकाला तेथे व्हिसा लागत नसला, पाट्या देवनागरीत असल्या आणि बाजारात हिंदीवर काम भागत असले, तरी तो परका देश आहे. ही जवळीकच फसवी असते. युरोपातून आलेला माणूस चुकला, तर लोक हसून सोडून देतात. शेजारच्या मोठ्या देशातून आलेल्याची तीच चूक तोरा वाटते.

म्हणून पहिले सहा महिने भाषेलाच द्यावेत. मराठी माणसाला नेपाळी वाचता येते, पण वाचता येणे म्हणजे समजणे नव्हे. आपण ‘शिक्षा’ म्हणतो तेव्हा दंड अभिप्रेत असतो, तेथे मात्र त्याचा अर्थ शिक्षण असा होतो. ‘तँ’, ‘तिमी’, ‘तपाईं’ आणि ‘हजुर’ या ‘तू’पासून ‘आपण’पर्यंतच्या चढत्या आदराच्या संबोधनांतले अंतर कानाने शिकावे लागते आणि ते कळेपर्यंत हमाल असो वा डॉक्टर, प्रत्येकाला ‘तपाईं’च म्हणावे. इंग्लंडचे जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. मधली ३७ वर्षे ते येथील भाषांत राहिले, म्हणूनच त्यांचे शब्द आपल्याला परके वाटत नाहीत. आपल्यासाठी कोणी एवढे केले असेल, तर सहा महिने फार नव्हेत.

कायदा नीट वाचून जावे. नेपाळच्या २०१५ च्या संविधानातील २६ वे कलम स्वतःचा धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य देते, पण दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई करते आणि तेथील फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आपल्या उतावळेपणाची किंमत बहुधा स्थानिक विश्वासणारेच मोजतात, कारण आपण परत येतो आणि ते तेथेच राहतात. आपला विश्वास लपवू नये, कोणी विचारले तर सरळ सांगावे. पण रुग्णाच्या खाटेशी किंवा मदतवाटपाच्या रांगेत तो विषय आपण होऊन काढू नये.

मदतीच्या बाबतीत मी सर्वांत आग्रही आहे. पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात तारणाला देवाचे दान म्हटले आहे. जे आपल्याला फुकट मिळाले, त्याच्या नावाने दिलेल्या तांदळावर किंवा औषधावर अट घालता येत नाही, प्रार्थनेला येण्याचीही नाही. मदत देताना छायाचित्र काढू नये. शक्य असेल तेथे ती गावच्या माणसांच्या हातून द्यावी, म्हणजे उपकाराचे ओझे आपल्या नावावर जमत नाही. १९५४ साली स्थापन झालेल्या युनायटेड मिशन टु नेपाळ या संस्थेच्या कामात हे पाहता येते. नॉर्वेचे अभियंते ऑड हॉफ्टुन यांनी बुटवलमध्ये नेपाळी तरुणांना कामातूनच तंत्रशिक्षण दिले आणि पुढे जलविद्युत प्रकल्प उभारण्यात नेपाळी तंत्रज्ञच पुढे होते.

घरात वागण्याची रीत आपल्याला अवघड नाही. ‘जुठो’ म्हणजे आपले उष्टे. तो विटाळ अनेक घरांत कडक पाळला जातो, त्यामुळे आपला चमचा सामाईक भांड्यात घालू नये आणि बोलावल्याशिवाय स्वयंपाकघरात जाऊ नये. साप्ताहिक सुटी शनिवारी असल्याने मंडळ्यांची उपासना परंपरेने शनिवारी होत आली आहे. तेथे ‘जयमसीह’ म्हणून मागे बसावे आणि स्थानिक पाळकांनी सांगितल्याशिवाय बोलायला उभे राहू नये.

एवढे करूनही चूक होईलच. तेव्हा मध्यस्थ न पाठवता त्या घरी स्वतः जाऊन मोडक्या नेपाळीत का होईना, माफी मागावी. आणि चहा पुढे आला, तर दोन्ही हातांनी घेऊन बसून प्यावा.