भाडेकरू गेला, हप्ता राहिला

पुण्याजवळ वाकडला माझे दोन फ्लॅट आहेत. वन बीएचके 2009 चा. तेव्हाही मंदीच होती आणि बिल्डर भाव पाडून विकत होता, म्हणून परवडला. टू बीएचके 2016 चा, त्याचं कर्ज अजून चालू आहे. आम्ही स्वतः चिंचवडच्या जुन्या घरात राहतो. नोकरी बँकेत कॅशियरची झाली, त्यामुळे दिवसाचा हिशोब दिवसाला लिहिल्याशिवाय मला झोप येत नाही. परवा भाच्याचा फोन आला, "मावशी, हिंजवडीत पुन्हा माणसं कमी करतायत. माझा भाडेकरूही आयटीतलाच. मला तर रात्री झोप लागत नाही." त्याला तासभर जे सांगितलं ते जरा नीट लिहून काढते.

पहिली गोष्ट, कागद घे आणि घर रिकामं पडलं तर महिन्याला खिशातून किती जातील ते लिही. माझ्या टू बीएचकेचा हप्ता 19,400 आणि सोसायटीचा मेंटेनन्स 2,800, म्हणजे 22,200. सहा महिन्यांचे 1,33,200. एवढे पैसे मुदत ठेवीत वेगळे असले की बातम्या बघताना छातीत धस्स होत नाही. नसले तर आजपासून प्रत्येक भाड्यातले दोन-तीन हजार बाजूला टाकायचे. वेळ लागतो, पण दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

डिपॉझिट मात्र या पैशांत धरायचं नाही. ते आपलं नसतंच. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. वन बीएचकेत दोन मुलं राहायची, एक लातूरचा, एक अमरावतीचा. मार्च 2020 मध्ये, कोरोनाच्या लॉकडाऊनच्या सुमारास, एकेक सॅक घेऊन गावी गेली. चार आठवड्यांत येतो म्हणाली होती. जुलैत फोन आला, "काकू, कंपनीने घरूनच काम करायला सांगितलंय, आम्ही फ्लॅट सोडतो. डिपॉझिट पाठवता का?" मागणी रास्त होती. पण त्यांच्या डिपॉझिटचे 40,000 मी आदल्याच वर्षी स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांत घातले होते. शेवटी धाकट्या जावेकडून उसने घेतले आणि दिवाळीपर्यंत तिच्याशी डोळे वर करून बोलले नाही. तेव्हापासून डिपॉझिट आलं की त्याच दिवशी त्याची वेगळी मुदत ठेव करते. पावतीच्या मागे भाडेकरूचं नाव पेन्सिलीने लिहिलेलं असतं.

भाडं कमी करायचं की नाही

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण इथे हिशोबाच्या जागी मानापमान येतो. टू बीएचकेत एक जोडपं आणि त्यांची लहान मुलगी राहायची. तो चाकणच्या एका कारखान्यात. मे 2020 मध्ये म्हणाला, "काकू, पगार निम्मा आलाय. 22,000 जमणार नाहीत." आमच्या ह्यांचं म्हणणं, एकदा कमी केलं की कायमचं कमी होतं. मी वही काढली. महिन्याला 4,000 सोडले तर सहा महिन्यांत 24,000 जातात. तो गेला आणि घर दोनच महिने रिकामं राहिलं तर भाड्याचे 44,000, रंगाचे 18,000, एजंटला पंधरा दिवसांचं भाडं म्हणजे 11,000. झाले 73,000. आणि त्या उन्हाळ्यात घर बघायला येणार होतं कोण? हे गप्प बसले.

पण सूट सरसकट द्यायची नाही. आधीची दोन वर्षं भाडं वेळेवर आलंय का, घर नीट ठेवलंय का, आणि अडचण त्याने स्वतःहून सांगितली की आपण तीन फोन केल्यावर, एवढं बघायचं. पगाराची स्लिप मागायला लाजू नका. मी मागितली, त्याने लगेच दाखवली. जो नुसताच "बाजार पडलाय काकू" म्हणतो, त्याच्याशी बाजारासारखंच बोलायचं.

आणि ठरेल ते लिहून घ्यायचं. ही सूट आहे की उधारी, हे त्यात स्पष्ट हवं. आमच्या कागदावर होतं: जून ते नोव्हेंबर 18,000, फरक माफ, डिसेंबरपासून पुन्हा 22,000. खाली दोघांच्या सह्या. शिवाय तेच व्हॉट्सॲपवरही टाकलं. त्यानेच नोव्हेंबरच्या शेवटी आठवण केली, "काकू, पुढच्या महिन्यापासून पूर्ण."

त्या एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागानेही घरमालकांना सांगितलं होतं की भाडेवसुली निदान तीन महिने पुढे ढकला आणि भाडं थकलं म्हणून कोणाला घराबाहेर काढू नका. सोसायटीच्या ग्रुपवर त्यावरून रणकंदन झालं. मी त्यात पडले नाही.

बँकेचा हप्ता

बँकेत आयुष्य गेलं तरी इथे मी एकदा फसलेच. रिझर्व्ह बँकेने 1 मार्च 2020 पासून तीन महिने हप्ते थांबवायची मुभा दिली, ती पुढे 31 ऑगस्टपर्यंत वाढली. मी पहिले तीन महिने घेतले. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. तीन महिन्यांचं व्याज मुदलात जाऊन बसलं. हातात पैसे असतील तर अशी सवलत घेऊ नका. नसतील तर जरूर घ्या, पण ती माफी नाही हे डोक्यात ठेवून.

दुसरी गोष्ट जास्त कामाची. ऑक्टोबर 2019 पासून बदलत्या व्याजदराची नवी गृहकर्जं बँकांना रेपो दरासारख्या (म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्या) बाहेरच्या दराशी जोडावी लागतात. माझं कर्ज त्याआधीचं, जुन्या पद्धतीचं. मे 2020 मध्ये रेपो 4 टक्क्यांवर आला, पण माझा दर ढिम्म. शाखेत अर्ज दिला, थोडी फी भरली आणि कर्ज रेपोवर आणून घेतलं. दर उतरला. पुढे रेपो चढला तेव्हा तो चढलाही, हे सांगायला हवं. तुमचं कर्ज कशाशी जोडलेलं आहे ते आधी बघा. बँक आपणहून फोन करून सांगणार नाही.

कागदपत्रं

वाईट दिवसांतच लोक "नोंदणी कशाला, हजार-दोन हजार वाचवू" म्हणतात. नेमकं तेव्हाच ते महागात पडतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55: करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. तोंडी 22,000 ठरलेले असोत, तो 12,000 म्हणाला की बसा पुरावे शोधत. 22,000 भाडं आणि 60,000 डिपॉझिट असलेल्या अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकराराला, मुद्रांक शुल्क सहा-सातशे रुपये आणि महापालिकेच्या हद्दीत नोंदणी फी एक हजार. वर किरकोळ खर्च आणि घरी अंगठ्याचं मशीन घेऊन येणाऱ्या मुलाचे पैसे. पोलीस पडताळणी ऑनलाइन होते, तीही करून टाकायची.

कराराची मुदत संपूनही कोणी हलत नसेल तर त्याच कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. हा रस्ता राहत्या घरालाच आहे, दुकानाच्या गाळ्याला नाही. वीज-पाणी तोडून धडा शिकवायच्या भानगडीत पडू नका. आपली बाजू खरी असून आपणच आरोपी होतो.

सोसायटीचं बिलही एकदा चष्मा लावून वाचा. घर भाड्याने दिलं म्हणून लावलेला बिनभोगवटा आकार सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, 2001 पासून तसा सरकारी आदेश आहे. आमच्याकडे जास्त लावला होता. मी आदेशाची प्रत चिटणिसांच्या हातात दिली, पुढच्या महिन्यात बिल कमी आलं. प्राप्तिकरात घरभाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, खर्चाच्या पावत्या असोत नसोत. मिळकत कर भरला असेल तर तो आधी वजा होतो, म्हणून त्याची पावती मात्र जपायची.

रिकाम्या घराची देखभाल

वन बीएचके जुलै 2020 पासून सात महिने रिकामा होता. बंद घर फार लवकर खराब होतं, आणि वास मारणारं घर कोणी घेत नाही. पहिल्यांदा ई-पास काढून पोचले तर दारातच नाक धरावं लागलं. नहाणीच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे पाणी साठून राहणाऱ्या खोलगट भागातलं, पाणी आटलं की गटाराचा वास आणि झुरळं थेट वर येतात. तेव्हापासून निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतते आणि वरून चमचाभर खोबरेल तेल. तेलाचा तवंग राहतो, पाणी लवकर उडत नाही. कमोडमध्येही तेच. फ्रिज बंद करून त्याच्या दारात दुमडलेलं फडकं अडकवायचं. गादी भिंतीला उभी करायची. पावसाळ्यात कपाटांची दारं सताड उघडी ठेवायची, नाहीतर आतून हिरवी बुरशी धरते. बाल्कनीला कबुतरांची जाळी आधी लावा, मग बाकीचं. माझ्या कोरड्या बाल्कनीत दोन महिन्यांत त्यांचे दोन संसार झाले, आणि साफ करायला आलेल्या माणसाने पंखे पुसायच्या दुप्पट पैसे घेतले.

पंधरा दिवसांनी एकदा जायचं, सगळे नळ पाच मिनिटं सोडायचे, खिडक्या उघडून बसायचं. मी थर्मासमधून चहा नेते. रिकाम्या घरात बसून चहा प्यायला की ते डोक्यावरचं ओझं वाटत नाही, आपलं घर वाटतं. हे म्हणतात, पेट्रोल फुकट घालवतेस. घालवते.

याच काळात मी एक चूक दुरुस्त केली. माझ्या दोन्ही घरांची मदार नोकरदारांवर, आणि नोकऱ्या सगळ्या हिंजवडी नाहीतर चाकणच्या. तिकडे शिंक आली की इकडे सर्दी. म्हणून एजंटला सांगितलं, या वेळी आयटीवाला नको. फेब्रुवारी 2021 मध्ये दोन नर्स आल्या, 10,500 भाड्याने. आधी 13,000 मिळायचे. आमच्या कमिटीतल्या एका गृहस्थांना "एकट्या मुली, रात्री-अपरात्री येणार" याची फार काळजी होती. मी म्हटलं, रात्री-अपरात्री तुमच्यासारख्यांचाच बीपी तपासून येणार आहेत. तीन वर्षं राहिल्या, एकदाही भाडं पाच तारखेच्या पुढे गेलं नाही.

भाच्याचा शेवटचा प्रश्न होता, "पण मावशी, मन कसं शांत ठेवतेस?" मी त्याला वहीचं एक पान वाचून दाखवलं. वन बीएचके: 2009 मध्ये तीन महिने रिकामा, मग 6,500. त्यानंतर दर बदलाला पंधरा-वीस दिवस रिकामा. 2020 मध्ये सात महिने. 2021 ला 10,500, 2022 ला नर्सच स्वतःहून 12,000 वर आल्या, 2024 ला नवा भाडेकरू 17,000 वर. दोन मोठे खड्डे, बाकी रस्ता बरा. रात्री अकराला मोबाइलवर "भाड्याने देणे"च्या जाहिराती मोजत बसणं मी 2020 मध्येच बंद केलं. त्यात कळत काहीच नाही, फक्त पोट बिघडतं. दर सोमवारी तीन फोन मात्र करते: एजंटला, वॉचमनला आणि आधी राहून गेलेल्या एखाद्या भाडेकरूला. माझे निम्मे भाडेकरू या तिसऱ्या फोनातून आलेत.

वन बीएचके आत्ता पुन्हा रिकामा आहे, आज एकोणिसावा दिवस. उद्या पाचला दोन मुली बघायला येणार आहेत, एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहेत म्हणे. मी चारलाच जाऊन खिडक्या उघडते. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय, त्याचा वायसर पर्समध्ये घालून ठेवलाय.