रिक्रिएशनल थेरपी शिकायला अमेरिकेत येताय? थोडं अनुभवाचं सांगते

सायकॉलॉजी, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून दिलेले उपचार) नाहीतर फिजिओ करून इकडे यायचा विचार करणारी बरीच मुलंमुली मला विचारतात की तुम्ही रिक्रिएशनल थेरपिस्ट नक्की करता काय, पेशंटला खेळायलाच लावता ना? हो, खेळायला लावतो, गाणी म्हणायला लावतो, बागकाम, स्वयंपाक, पोहणं सगळं येतं त्यात, पण कोणाला कोणता खेळ द्यायचा आणि कशासाठी, हे ठरवणं म्हणजेच आमचा अभ्यास आहे.

उदाहरण देते. मी न्यू जर्सीत रिहॅबमध्ये, म्हणजे मोठ्या आजारानंतर पेशंटला पुन्हा उभं करणाऱ्या हॉस्पिटलात काम करते. पॅरालिसिसच्या अटॅकनंतर काही पेशंटना डावी बाजू जाणवतच नाही, म्हणजे नजर चांगली असते पण मेंदू तिकडे लक्षच देत नाही, मग ताटातलं उजवीकडचंच जेवतात आणि डावीकडची भाजी तशीच राहते. असे एक काका आमच्याकडे होते, कुठल्याच व्यायामाला तयार नव्हते, काकूंशी बोलल्यावर कळलं की रमी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मग टेबलाच्या डाव्या कडेला लाल टेप लावली, डावा हात उचलत नव्हता म्हणून पानं खाचेच्या लाकडी पट्टीत उभी केली, आणि ओढायची गड्डी मुद्दाम डावीकडे ठेवली. आता पान घ्यायचं तर टेप दिसेपर्यंत मान वळवावीच लागणार! 13 पानं झेपेनात म्हणून 7 वर सुरू केलं. मी नोटमध्ये 'पेशंटने आनंदाने भाग घेतला' एवढंच लिहीत नाही, एका डावात त्यांना डावीकडे बघायची आठवण किती वेळा करून द्यावी लागली ते लिहिते. पुढे पुढे ते स्वतःच म्हणायला लागले, थांब गं, डावीकडचं बघू दे आधी.

म्हणून पहिली गोष्ट शिका ती म्हणजे विचारणं. आजाराआधी हा माणूस रविवारी काय करायचा? डिमेन्शिया (विस्मरणाचा आजार) झालेल्या आजींना अनोळखी बोर्ड गेम देऊन काही होत नाही, मेथीची जुडी निवडायला द्या, बोटं आपोआप चालतात आणि बोलणंही सुरू होतं.

ही कल्पना काही आजची नाही. इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल हॉस्पिटलात डॉ. लुडविग गटमन मणक्याला इजा झालेल्या सैनिकांच्या उपचारात खेळ वापरायचे, 1948 ला त्यांनी तिथे 16 व्हीलचेअरवाल्यांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली आणि त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. आपले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर बघा ना, लष्करात बॉक्सर होते, 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं अंग गेलं, उपचार म्हणून पोहायला लागले आणि 1972 ला हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड आणलं. सगळे पेटकर होत नाहीत, व्हायची गरजही नाही, पण पाय गेल्यावर 'मी आता काय करू शकतो' ह्या प्रश्नाला औषधाच्या गोळीत उत्तर नसतं, हे मी रोज बघते.

आता व्यवहाराचं. इथे नोकरीत सीटीआरएस (सर्टिफाइड थेराप्युटिक रिक्रिएशन स्पेशालिस्ट) हे सर्टिफिकेट बघतात, ते एनसीटीआरसी ही संस्था देते. डिग्री, ठरावीक कोर्सेस, सीटीआरएस असलेल्या थेरपिस्टच्या हाताखाली किमान 14 आठवडे आणि 560 तासांची इंटर्नशिप आणि मग परीक्षा. तुमच्या भारतातल्या डिग्रीतले कोणते विषय धरले जातील ते प्रवेशाआधी कॉलेजकडून लेखी घ्या, तोंडी बोलण्यावर राहू नका. नॉर्थ कॅरोलायना, युटासारख्या काही राज्यांत लायसन्स पण लागतं.

पगाराचं स्पष्टच सांगते, 2023 च्या सरकारी आकड्यांत आमचा वर्षाचा मिडियन पगार (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) साधारण 57 हजार डॉलर आहे आणि ओटीचा 96 हजार. कारणही आहे, रिहॅब हॉस्पिटलात मेडिकेअरचा (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) रोज 3 तास थेरपीचा जो नियम आहे त्यात ओटी, फिजिओ, स्पीच थेरपी मोजतात, आमचे तास मोजत नाहीत, त्यामुळे बजेट कापायचं झालं की आधी आमच्याकडे बघतात. हे मला अजिबात पटत नाही, कारण घरी गेल्यावर पेशंट टिकून राहतो तो आवडीच्या गोष्टीमुळेच. शिवाय हा विषय स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) सरकारी यादीत नाही म्हणजे ओपीटी, शिक्षणानंतर स्टुडंट व्हिसावर काम करायची परवानगी, 12 महिन्यांचीच, लोन काढून येणाऱ्यांनी हे आधी घरच्यांसोबत बसून मांडून बघा.

भारतातच राहायचं असेल तर ओटी करा असं मी सांगेन, नोकरीला त्या डिग्रीची ओळख आहे आणि खेळ, कला हे सगळं त्यातही वापरता येतं. पुण्यात असाल तर खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरचं काम समजून घ्या, मणक्याला इजा झालेले जवान तिथे व्हीलचेअर बास्केटबॉल खेळतात, तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. आणि फॉर्म भरायच्या आधी जवळच्या वृद्धाश्रमात किंवा विशेष मुलांच्या शाळेत काही महिने नियमित जा. एकच खेळ चार जणांना चार तऱ्हेने बदलून द्यायला जमतोय का आणि त्यात तुमचं मन रमतंय का, ते तिथेच कळेल.