शॉर्ट सर्व्हिस बसवायचीये? मग ओळीने पन्नास मारत बसू नका

बॅडमिंटन हॉलवर एक सीन ठरलेला असतो. कोणीतरी डबाभर जुनी फुलं (शटल) घेऊन एकाच जागेवरून शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे नेटच्या जेमतेम वरून जाऊन पलीकडे पुढेच पडणारी, मारतोय, पहिल्या दहा नेटमध्ये, मग हात बसतो, मग धडाधड सगळ्या नेटच्या वरच्या पट्टीला घासून पलीकडे आणि भाऊ खूश. रविवारी मॅच लागली की पहिलीच सर्व्हिस एवढी वर, की समोरचा पुढे येऊन तोंडावर मारतो. मी वर्षभर हेच केलंय म्हणून सांगतोय.

होतं काय, की ओळीने मारताना प्रत्येक वेळी हाताला नव्याने काही ठरवावं लागत नाही, आधीच्या फटक्यात थोडीशी दुरुस्ती केली की झालं. मॅचमध्ये दोन सर्व्हिसच्या मधे अख्खी रॅली असते, धाप लागलेली असते आणि सगळं पहिल्यापासून जुळवावं लागतं, ज्याची प्रॅक्टिस आपण केलेलीच नसते. गुड आणि मॅगिल या दोघांनी 1986 साली बॅडमिंटनच्या सर्व्हिसवरच हे तपासलं होतं. काही जण एका वेळी एकाच प्रकारची सर्व्हिस घोटत होते आणि काही जण शॉर्ट, लाँग, ड्राइव्ह (सपाट आणि वेगात) अशी भेळ करून मारत होते, आणि नंतर परीक्षा घेतली, कोर्टाची बाजूही बदलली, तेव्हा भेळवाले पुढे निघाले.

पण अगदी नवीन असाल तर आधी चार-पाच दिवस ओळीनेच मारा, ग्रिप बसू दे, बॅकहँडला अंगठा मागच्या चपट्या बाजूवर टेकतोय ना बघा, त्यात लाज नाही.

आता सेटअप. नेटच्या पट्टीच्या वर साधारण एक वीत अंतरावर या खांबापासून त्या खांबापर्यंत सुतळी बांधा (खांबाला काठी जोडावी लागेल), फूल पट्टी आणि सुतळीच्या मधून गेलं पाहिजे. पलीकडे नेटपासून 1.98 मीटरवर पुढची सर्व्हिस लाइन असते, तिच्या लगेच मागे टॉवेल टाका. आणि भिंतीवर 1.15 मीटरला खडूची रेघ मारून शेजारी उभे राहा, फूल त्याच्या खालीच मारायचं असतं, आपण किती वर मारतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

मग एक मधल्या रेषेजवळ, एक बाहेरच्या कोपऱ्यात, एक फ्लिक (शॉर्ट दाखवून ऐनवेळी मागे उडवायची), पण क्रम तुम्ही ठरवायचा नाही, पार्टनरने अगदी शेवटच्या क्षणी ओरडायचं. प्रत्येक सर्व्हिसनंतर मागच्या लाइनपर्यंत जाऊन परत या. आकडा पडेल, वीसात सातच टॉवेलवर बसतील, चिडचिड होईल, होऊ द्या.

आता शिकवणाऱ्यांसाठी, म्हणजे खरं तर माझ्यासाठीच. भाच्याला शिकवताना मी प्रत्येक फटक्याला "मनगट! कोपर!" करत होतो, तर पोरगं फुलाकडे बघायच्या ऐवजी माझ्याकडे बघायला लागलं. आता पाच-सहा फटके गप्प राहतो, मग आधी त्यालाच विचारतो, कुठून गेलं रे, सुतळीच्या वरून का खालून? त्याने सांगितलं की मगच मी बोलतो, तेही चूक मोठी असेल तर. आणि बोललो तरी हाताबद्दल नाही, "पट्टीला चाटून जाऊ दे" एवढंच. लक्ष स्वतःच्या मनगटावर गेलं की हात आखडतो. शिवाजी पार्कवर आचरेकर सर सचिनच्या स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे, जो बॉलर आऊट करेल त्याला नाणं आणि शेवटपर्यंत नाबाद राहिला तर सचिनला, अशी 13 नाणी त्याने जमवली. आऊट व्हायचं नाही, एवढं त्या नाण्यानेच सांगून टाकलं की, वेगळं लेक्चर कशाला!

मोबाईलवर स्लो मोशन काढा पण दर फटक्याला बघू नका, सेशन संपल्यावर एकदा.

सुधारणा मोजायची असेल तर आजचा शेवटचा आकडा धरू नका. दुसऱ्या दिवशी हॉलवर गेल्या गेल्या, हात गरम व्हायच्या आत पहिल्या दहा मारा आणि तोच आकडा वहीत लिहा. माझा तीनवरून सहावर यायला दीड महिना गेला, भाचा तीन आठवड्यांत सातवर, वय दुसरं काय.

आणि हो, टॉवेल घरातला चांगला नेऊ नका, सगळे बूट घालून त्यावरून जातात आणि मग घरी उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.