हॉलिवुडचे कमी खर्चाचे खूनपट कसे पाहावेत

१९३० च्या दशकात अमेरिकेतील चित्रपटगृहे एकाच तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागली आणि मुख्य चित्रपटाच्या जोडीला लागणारे तास-सव्वा तासाचे रहस्यपट मोनोग्रामसारख्या छोट्या कंपन्या झपाट्याने काढू लागल्या, ही पार्श्वभूमी आधी ध्यानात घ्यावी.

सुरुवात आरकेओ या हॉलिवुडच्या चित्रपट कंपनीच्या १९४० मधील ‘स्ट्रेंजर ऑन द थर्ड फ्लोअर’ने करावी. जेमतेम ६४ मिनिटांच्या या चित्रपटात खुनी कोण, या प्रश्नापेक्षा छायालेखक निकोलस मुसुराका यांच्या सावल्यांकडे अधिक लक्ष द्यावे. नायकाच्या दुःस्वप्नात मोजक्या नेपथ्यावर पडणाऱ्या लांब, तिरप्या सावल्या पैशांची उणीव नुसती झाकत नाहीत, तर तिच्यातूनच भय निर्माण करतात, आणि माझ्या मते हा प्रसंग आवाज बंद करून पुन्हा एकदा पाहण्याजोगा आहे. प्रत शक्यतो स्वच्छ निवडावी, कारण झिजलेल्या प्रतीत काळोखातले बारकावे पुसले जातात.

त्यानंतर चार्ली चॅन मालिकेतील, नट सिडनी टोलर यांचा, फॉक्स या मोठ्या कंपनीचा एक आणि १९४४ नंतरचा मोनोग्रामचा एक चित्रपट लागोपाठ पाहावा. नट तोच असल्याने निर्मितीतला फरक स्पष्ट जाणवतो. चिनी वंशाच्या गुप्तहेराची भूमिका येथे गोऱ्या नटाने केली आहे, हे मात्र नजरेआड करू नये.