धाब्याच्या जुन्या घरातली ओल कशी काढावी

धुळे-जळगावकडे थंडीची लाट आली की पारा सहा-सात अंशांवर येतो आणि जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घराची मागची खोली सकाळी गार, दमट, कुबट होते. माझी आजी भिंतीवर हात ठेवून म्हणायची, "भीत रडी ऱ्हायनी," म्हणजे भिंत रडतेय. आम्ही त्या भिंतीला आधी सिमेंटचा गिलावा केला, मग वॉटरप्रूफ रंग दिला. दोन पावसाळ्यांत सगळ्याचे पोपडे निघाले. पाणी येतंय कुठून, हे पाहायचं कुणाला सुचलंच नाही.

१. आधी तपासा. भिंतीचा वीतभर भाग कोरडा पुसून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून लावा. दोन दिवस थांबा. थेंब खोलीकडच्या बाजूला जमले तर ओल घरातल्या हवेतली. प्लॅस्टिकच्या मागे जमले तर भिंतच पाणी पिऊन बसलीये. खाली हातभर उंचीपर्यंत पांढरा खार फुटला असेल तर पाणी जमिनीतून चढतंय. वरून ओघळ असतील तर धाब्यावर चढा.

२. पाणी भिंतीपाशी येऊ देऊ नका. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी, म्हणजे पांढरी माती, टाकून चोपा. बादलीभर पाणी ओतून ते परनाळाकडेच जातंय ना, पाहा. गल्लीतला रस्ता दर काँक्रिटीकरणाला चढतो नि आपलं जोतं खाली जातं; मग पाणी भिंतीशी तुंबतं. तिथे चर काढून पाण्याला वाट करून द्या.

३. सिमेंट खरवडा. माती-विटांची भिंत ओल घेते तशी सोडतेही. सिमेंट नि ऑइलपेंट ती वाट बुजवतात, मग ओल आणखी वर चढते. डागाच्या हातभर वरपर्यंत गिलावा काढा. वाळायला इंचाला साधारण एक महिना धरा, म्हणजे दीड फुटी भिंतीला दीड वर्ष! आपला ४४ अंशांचा एप्रिल-मे इथे कामी येतो. मगच चुन्याचा गिलावा, निदान चुन्याची सफेदी. कळीचा चुना भिजताना उकळून उडतो. म्हणून पाण्यात चुना थोडाथोडा टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. डोळ्यांना चष्मा हवाच.

४. घरातली वाफ बाहेर काढा. १४.२ किलोचं एक सिलिंडर संपेस्तोवर नुसत्या जळण्यातून सुमारे २२ लिटर पाणी वाफ होऊन घरात सुटतं. वरणाची, अंघोळीची वाफ वेगळीच. २५ अंशांच्या हवेत घनमीटरला २३ ग्रॅम वाफ मावते, १० अंशांच्या हवेत जेमतेम साडेनऊ. जास्तीची गार भिंतीवर पाणी होऊन बसते. पडवीच्या पत्र्याला पहाटे घाम सुटतो तो हाच. थंडीत समोरासमोरच्या खिडक्या अकरा ते चार उघड्या ठेवा, कपडे बाहेर वाळवा. ऊब हवी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत माणूस जातो.

५. भिंत मोकळी ठेवा. भाव वाढेल म्हणून आपण कापूस घरात भरतो, तोही भिंतीला टेकवून पार छतापर्यंत. मागे हवा फिरत नाही, भिंत ओली राहते आणि कापूसही पिवळा पडतो. वीतभर जागा सोडा, खाली फळ्या टाका. कपाटालाही तेच. बुरशी कोरड्या ब्रशने झाडू नका, नाका-तोंडाला फडकं बांधून ओल्या कपड्याने पुसा.

पुढच्या थंडीत त्याच जागी पुन्हा प्लॅस्टिक लावा. मागची बाजू कोरडी निघाली, तरच रंगाऱ्याला बोलवा.