फ्रेंच वाइनचं वर्णन इंग्रजीत आणताना

काम हातात घेतलं की आधी दोन गोष्टी विचारून घ्या. मजकूर ब्रिटनसाठी आहे की अमेरिकेसाठी, आणि तो बाटलीच्या मागच्या लेबलावर जाणार की वेबसाइटवर? स्पेलिंगचा फरक किरकोळ आहे, कायद्याचा नाही. ‘व्हँ बियोलोजिक’ म्हणजे सेंद्रिय वाइन. ती युरोपात ठरावीक मर्यादेपर्यंत सल्फाइट (वाइन टिकावी म्हणून घालतात ते गंधकाचं संयुग) घालूनही सेंद्रिय राहते. अमेरिकेत सल्फाइट घातलं असेल तर ‘ऑरगॅनिक वाइन’ लिहिता येत नाही. ‘मेड विथ ऑरगॅनिक ग्रेप्स’ म्हणावं लागतं, तेही एकूण सल्फाइट 100 पीपीएमच्या आत असेल तरच. असा शब्द आला की स्वतः निर्णय न घेता ग्राहकाला लेखी विचारावं.

वर्णनासोबत वाइनचं तांत्रिक पत्रकही मागून घ्या. द्राक्षाच्या जाती, साखर, अल्कोहोल, पिंपातले महिने हे सगळं त्यात असतं आणि वर्णनातली संदिग्धता बहुतेक वेळा तिथेच सुटते.

फ्रेंच वर्णनं एकाच साच्यातली वाटतात: आधी रंग, मग वास, मग चव, शेवटी कशाबरोबर प्यावी. टेस्टिंगचा क्रम तसाच असतो हे एक कारण. दुसरं म्हणजे 1991 चा ‘ल्वा एव्हँ’ हा फ्रेंच कायदा. दारूच्या जाहिरातीत काय सांगता येईल याची यादीच तो देतो: उगम, घटक, बनवण्याची पद्धत, रंग, वास, चव वगैरे. इंग्रजी वाचकाला मात्र ही वाइन कशा प्रकारची आहे हे आधी कळायला हवं असतं. त्यामुळे वाक्यांचा क्रम बदलायला कचरू नका.

आता मजकूर एकदा वाचून शब्द तीन रंगांनी खुणा करून घ्या.

पहिल्या रंगात कायद्याने बांधलेले शब्द. उगमाची नावं, ‘क्रु’ (मळ्याचा दर्जा सांगणारा शब्द), शॅम्पेनवरचं ‘ब्रूट’ (कमी साखरेची) हे जसेच्या तसे ठेवायचे. गोडीच्या शब्दांना सर्वांत जपायला हवं. साध्या, म्हणजे फेस नसलेल्या, वाइनवर ‘सेक’ म्हणजे ड्राय, लिटरला 4 ग्रॅमपर्यंत साखर (आम्लता पुरेशी असेल तर 9 पर्यंत). शॅम्पेनवर तोच ‘सेक’ 17 ते 32 ग्रॅमचा, म्हणजे चांगलाच गोड. तिथे ‘ड्राय’ लिहिलं की घोळ झालाच. ‘म्वाल्यो’चा अर्थ शब्दकोशात ‘सॉफ्ट’ किंवा ‘मेलो’ सापडतो, पण साध्या वाइनवर तो 12 ते 45 ग्रॅम साखरेचा वर्ग आहे. ‘अ सॉफ्ट, मेलो व्हाइट’ वाचून बाटली घेणाऱ्याच्या पेल्यात गोड वाइन पडते. पत्रकातला आकडा बघून ‘मीडियम’ किंवा ‘मीडियम स्वीट’ लिहा.

दुसऱ्या रंगात चव-वासाचे आणि वाइनरीतले शब्द. खरी मेहनत इथे आहे. दिसायला ओळखीचे शब्द फसवतात: ‘रेझँ’ म्हणजे द्राक्ष, बेदाणा नव्हे. ‘प्र्युन’ म्हणजे प्लम आणि ‘प्र्युनो’ म्हणजे प्रून. ‘काव्ह’ म्हणजे तळघर किंवा वाइनरी. ‘क्युव्ह’ म्हणजे टाकी, आणि एका अक्षराने वेगळी ‘क्युव्हे’ म्हणजे त्या वाइनरीची एखादी खास वाइन. ‘एलव्हाज’ म्हणजे वाइन मुरवणं, इंग्रजीत ‘एजिंग’ किंवा ‘मॅच्युरेशन’. कोशातला पहिला अर्थ घेतला तर वाइनचं पशुपालन होतं. ‘ग्रा’ला ‘फॅट’ न म्हणता ‘रिच’ किंवा ‘राउंडेड’ म्हणावं. ‘नेर्व्ह्यो’ म्हणजे आम्लतेने तरतरीत, ‘लाइव्हली’ किंवा ‘क्रिस्प’. ‘नर्व्हस’ लिहिलं तर वाइन घाबरलेली वाटते.

यातली बरीच फळं-फुलं आपल्या बाजारात दिसत नाहीत, म्हणून आपल्याकडच्या अनुवादकाला इथे जास्त ठेच लागते. ‘तियोल’ घ्या. कोश सांगतो ‘लाइम’. आपल्या डोळ्यांसमोर लिंबू येतं आणि ‘फ्रेश लाइम नोट्स’ लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण इथला लाइम हा थंड प्रदेशातला एक मोठा वृक्ष आहे, ज्याच्या सुगंधी फुलांचा फ्रान्समध्ये काढा करून पितात. बरोबर शब्द ‘लाइम ब्लॉसम’, आणि लिंबाशी गोंधळ अजिबात नको असेल तर ‘लिंडन ब्लॉसम’. हिरवं लिंबू फ्रेंचमध्ये ‘सित्रों व्हेर’. तसंच ‘ग्रिओत’ म्हणजे आंबट चेरी, ‘ग्रोझेय’ म्हणजे रेडकरंट, ‘कासिस’ म्हणजे ब्लॅककरंट, ‘सू-ब्वा’ म्हणजे ‘फॉरेस्ट फ्लोर’. ‘गारिग’ म्हणजे दक्षिण फ्रान्समधलं थाइम-रोझमेरीचं झुडपी रान. जाणकार वाचकांसाठी तो शब्द तसाच ठेवा, सुपरमार्केटच्या लेबलावर ‘वाइल्ड हर्ब्स’ लिहा. शक्य असेल तर ब्लॅककरंटचा जॅम, सुकी थाइम, ज्येष्ठमध एकदा प्रत्यक्ष हुंगून बघावं. वास माहीत असला की चुकीचा पर्याय लगेच खटकतो.

तिसऱ्या रंगात नुसती सजावट: ‘मान्यिफिक’, ‘व्हेरिताब्ल’, जेवणाला उदात्त करणारं ‘स्युब्लिमे’. फ्रेंचमध्ये हे शब्द सहज खपतात, इंग्रजीत तेच भडक आणि पोकळ वाटतात. बहुतेक काढून टाका.

हा नमुना बघा: ‘बेल रोब रुबी ओ रफ्ले व्हिओलासे. ने एक्स्प्रेसिफ द फ्र्वी रूज, रलव्हे द नोत द रेग्लिस. बुश आंप्ल ए शार्न्यु, ओ तानँ फाँद्यु. सेत क्युव्हे स्युब्लिमरा व्हो व्हियांद ग्रिये.’

शब्दाला शब्द लावला तर होतं: ‘ब्यूटिफुल रूबी रोब विथ व्हायोलेट रिफ्लेक्शन्स. एक्सप्रेसिव्ह नोज ऑफ रेड फ्रूट्स, रेज्ड बाय नोट्स ऑफ लिकरिश. अँपल अँड फ्लेशी माउथ विथ मेल्टेड टॅनिन्स. धिस क्युव्हे विल सब्लिमेट युअर ग्रिल्ड मीट्स.’ चार वाक्यं, आणि चारही इंग्रजी माणूस कधी बोलणार नाही अशी.

त्याऐवजी: ‘अ जनरस, फ्लेशी रेड, रूबी विथ अ पर्पल टिंज. द नोज इज फुल ऑफ रेड बेरीज, विथ अ टच ऑफ लिकरिश, अँड द टॅनिन्स आर सॉफ्ट अँड वेल इंटिग्रेटेड. ट्राय इट विथ ग्रिल्ड मीट.’

चवीचं वाक्य पुढे आलं, रंग त्यालाच जोडला गेला. ‘रोब’ (वाइनचा रंग) हा शब्दच लागला नाही. ‘फाँद्यु’ टॅनिन (वाइनला तुरटपणा देणारे घटक) वितळलेले नसतात, वाइनमध्ये मिसळून मऊ झालेले असतात. आणि मुळात नसलेली एकही चव आत आली नाही. ‘डीप रूबी’ लिहायचा मोह होतो, पण रंग गडद आहे असं मुळात कुठेच म्हटलेलं नाही.

शेवटी आकडे तपासा. ‘13,5’ मधला स्वल्पविराम इंग्रजीत दशांशचिन्ह होतो. अमेरिकेसाठी 75 सीएलचं (सेंटिलिटर) 750 एमएल, हेक्टरचे एकर (1 हेक्टर म्हणजे सुमारे 2.47 एकर), आणि 16 ते 18 अंश सेल्सियसचे 61 ते 64 फॅरनहाइट. ‘दुझ म्वा आं फ्यु, दाँ त्राँत पुर साँ नफ’ म्हणजे बारा महिने ओकच्या लाकडी पिंपात, त्यातली तीस टक्के पिंपं नवी. ‘थर्टी पर्सेंट न्यू ओक’. हे वाइनचं प्रमाण समजून ‘तीस टक्के नवी वाइन’ असं लिहिलेलं अनुवादांत दिसतं. पत्रकात पिंपाऐवजी टाकी लिहिली असेल, तर दोन्हीपैकी खरं काय ते वाइनरीला विचारल्याशिवाय मजकूर पाठवू नका.