वाचनात मागे राहिलेल्या मुलांना शिकवताना या चुका टाळा

धडा घडाघडा म्हणता आला म्हणजे वाचता आलं, हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो. एका शाळेत चौथीतल्या मुलाला 'हा छान वाचतो' म्हणून माझ्यापुढे आणलं. धडा त्याने न अडखळता वाचला. मग मी एका ओळीच्या मधल्याच शब्दावर बोट ठेवलं. तो गप्प. थोड्या वेळाने ओठांतल्या ओठांत ती ओळ पहिल्यापासून म्हणत बोटापर्यंत आला आणि शब्द सांगितला. सगळं ऐकून पाठ झालेलं! घ-ध आणि भ-म यांतला फरकही त्याला नीट कळत नव्हता. इतक्या तल्लख मुलाचं न वाचणं चौथीपर्यंत कुणालाच दिसलं नाही, याचा मला आजही राग येतो.

म्हणून पातळी तपासायला मी पाठ्यपुस्तक घेतच नाही. 'असर' या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या पाहणीच्या चाचणीतला क्रम सोपा आहे: सुटी अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथे अडेल तिथून सुरुवात, इयत्ता कोणतीही असो.

दुसरी चूक, मूल अडलं की लगेच शब्द सांगून टाकणं. नव्या शिक्षकांना ती शांतता सहन होत नाही. मग मूल पानाऐवजी आपल्या तोंडाकडे बघू लागतं. मी मनात पाचपर्यंत मोजते. तरी अडलं तर शब्दावर कागद ठेवून एकेक अक्षर उघडत जाते.

पूर्ण बाराखडी पाठ होईपर्यंत शब्द न देणं हाही वेळेचा अपव्यय. क, न, म, ल आणि काना एवढ्यावर नाक, कान, मान, लाल, कमाल वाचता येतात. पहिल्याच आठवड्यात वाचायला द्या.

जोडाक्षरांची घाई नको. सूर्य, चक्र, राष्ट्र या तिन्हींत र वेगवेगळ्या जागी बसतो. तिन्ही एकाच तासाला उरकणाऱ्यांना पुढे महिनाभर तेच निस्तरावं लागतं.

दहादा लिहून काढायला लावू नका. मूल न वाचता नुसती अक्षरं गिरवतं.

सगळ्या वर्गासमोर अडखळत वाचायला उभं करू नका. कधीच नाही.

डोळे आणि कान तपासून घेतल्याशिवाय 'लक्ष देत नाही' असा शेरा मारू नका.

आणि अर्थ विचारा. उतारा संपला की मी पुस्तक मिटते आणि 'काय झालं ते सांग' एवढंच म्हणते. सांगता आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी तोच उतारा पुन्हा घेते.